नारळाची जागा

प्रिय शिवू,

इथल्या माहूज भागातली कश्मिरा मावशी उद्याच्या विमानाने तिकडे येतेय. तिच्याजवळ मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि हे पत्र देतेय. चटणीचा डबा मात्र परत पाठव, त्याचं झाकण घट्ट बसतं. फोनवर तू माझं सगळं बोलणं "ओके आई" म्हणून खलास करतेस, म्हणून लिहायला बसले. अक्षरं जुळवत सावकाश वाच, पण रविवारच्या आत शेवटपर्यंत वाच.

रविवारी तू आणि तुझा मित्र ओजस तो बर्फाचा डोंगर चढणार. त्याचं नाव काही माझ्या जिभेवर बसत नाही, मी देवापुढे नुसतं "शिवूचा डोंगर" म्हणते. तू बेत सांगत होतीस तेव्हा मी कणीक मळत होते, हात तसेच राहिले. तिकडे थंडीत दुपार सरली की अंधार, म्हणून उजाडायच्या आत पायथा गाठायचा. आदल्या संध्याकाळी वाऱ्याचा अंदाज बघायचा. बुटांना लावायचे ते लोखंडी काटे विकत न घेता भाड्याने आणायचे (इथे मात्र माझी शोभलीस!). घरमालकिणीला वाट लिहून द्यायची, रात्रीपर्यंत तुमचा फोन आला नाही तर तिने मदतवाल्यांना कळवायचं. आणि बाराला जिथे असाल तिथून माघारी, माथा चार हात राहिला असला तरी! मी मॅट्रिक झालेली बाई, घरचा जमाखर्च चोख ठेवते, पण जिवाची इतकी नीट तजवीज मला कधी सुचली नसती.

तुझ्या बाबांना सांगितलं तर छाती काढून म्हणाले, "माझी लेक आहे." मी म्हटलं, "साखीरचं वाळवंट आठवा जरा, मग बोला." तुला आठवतं का गं? तू तिसरीत होतीस. शेजारच्या आतिकाने थंडीत आपल्याला त्यांच्या वाळवंटातल्या तंबूवर नेलं होतं. आपण तिघं आणि तिचा मुलगा फहाद समोरचं टेकाड चढायला निघालो. मध्येच तू पाण्याची बाटली उन्हाकडे धरून पाहिलीस नि म्हणालीस, "पाणी हाफ झालं. यल्ला, बॅक." बाबा वैतागले, "अगं, टोक समोर दिसतंय!" फहाद तुला भित्री भित्री म्हणून चिडवत राहिला. तू सरळ वळलीस आणि चालू लागलीस. मग आम्ही सगळे मुकाट तुझ्यामागे. तंबूत पोचलो तेव्हा बाटलीत थेंब नव्हता. आतिका तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "ये लडकी सबको घर लाएगा." ते वाक्य मी देवाच्या नावासारखं जपून ठेवलंय.

तुझा व्हिसा अडकला होता तेव्हा गावच्या डोंगरजाईला मी नवस बोलले होते, "पोर जाईल तिथल्या डोंगरमाथ्यावर तुझा नारळ फुटेल." हे तुला ठाऊकच आहे. त्या दिवशी बेत सांगून झाल्यावर मीच विचारलं, "नारळ घेतलास ना?" तू हसलीस, "घेतला गं. आता तुझ्या नारळासाठी टॉपला जावंच लागणार, बारा वाजले तरी."

तू सहज बोललीस. माझ्या मात्र पोळ्या करपल्या त्या दिवशी. अर्ध्या पाण्यावर बापालाही न जुमानणारी माझी पोर माझ्या शब्दापायी पुढे जाणार! आणि तो शब्द दिला कुणी, तर जिने बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिलाय तिने.

बोललेला नवस मोडता येत नाही, पण देवीला विचारता येतं. मी गावी मालूआत्याला फोन केला. बिचारी गुडघे धरत डोंगरजाईची टेकडी चढली. गुरवाने देवीला कौल लावला, दोन्ही बाजूंना फुलं चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं. इथेच नारळ घेत असशील तर उजवं फूल दे, लेकीनेच तिथे फोडायचा असेल तर डावं. बराच वेळ काही पडेना. मी इथे आखातात, जिदहफ्सच्या घरी गॅलरीत तुळशीपाशी फोन कानाला लावून उभी, तोंडाने नुसतं नामस्मरण. एकदम मालू ओरडली, "वहिनी, उजवा! उजवा कौल दिला!" तिने तिथल्या तिथे नारळ फोडला.

नवस फिटला, शिवू. एवढंच कळवायला हे पत्र, कारण फोनवर तू हसण्यावारी नेलं असतंस. तुझ्या पाठपिशवीतला नारळ काढ. टाकून देऊ नकोस, खोवून चटणी कर, ओजसलाही दे. त्याच्या जागी गरम चहाचा थर्मास ठेव. माथा गाठलास तर तो तुझ्या हौसेने गाठ, देवीचं तुझ्याकडे आता काही येणं नाही. आणि बाराला माघारी वळलीस तर घरी पोचून फोन कर, मी देवापुढे साखर ठेवीन.

त्या टेकाडावरून तुझ्यामागे उतरलेली,
तुझीच,
आई