कडेचा काप

लासलगाव, ३ फेब्रुवारी २०२४
चि. हर्षालीस काकाचे अनेक आशीर्वाद.
फोनवर तू नुसती हो-हो करतेस, म्हणून लिहितो. तीन वर्षं पुण्यात उंदीर कापतेयस आणि हाती काय, तर एक जनुक! आमच्या कांद्याच्या खळ्यावर उंदीर फुकट मिळतात. तुझ्या वडिलांमागे मी तुला शिकवलं ते यासाठी? मार्चपर्यंत प्रबंध दे, नाहीतर गुमान घरी येऊन धंदा बघ. वेळेवर जेवत जा.
तुझा काका, खंडेराव

पुणे, ९ फेब्रुवारी
ती. काकांस शि. सा. न.
कांद्यापलीकडेही जग असतं, हे तुम्हाला पटायचं नाही. पेशीच्या आत इवल्या पिशव्यांतून माल इकडून तिकडे जातो. तो पोचवणाऱ्या प्रथिनाचा हा जनुक. त्याचे अकराही तुकडे मी उलगडलेत. तो मेंदूत चालू असतो, मूत्रपिंडात बंद. वीस उंदरांच्या मूत्रपिंडांच्या कडेचा काप घेऊन तपासलंय. प्रबंध मार्चमध्ये जाईल. तोवर मला अक्कल शिकवू नका. काकूंना नमस्कार.
रागावलेली, पण तुमचीच, हर्षाली

लासलगाव, १४ फेब्रुवारी
चि. हर्षालीस आशीर्वाद.
कडेचा काप! ट्रॉलीतले वरचे चार कांदे बघून बोली लावणाऱ्याला आम्ही लिलावात हसतो. मी कोपरापर्यंत हात घालतो, मगच भाव बोलतो. वीस जीव मारलेस आणि एकाच्याही आत बघितलं नाहीस? तुझे सर काय झोपा काढतात? शिकलेल्या माणसांची मला कीव येते. काकूने लाडू पाठवलेत, तेवढे तरी नीट तपासून खा.
खंडेराव

पुणे, २६ फेब्रुवारी
ती. काकांस शि. सा. न.
तुमचं पत्र मी फाडून टाकलं. मग चिडून साठवलेल्या मूत्रपिंडांचा गाभा तपासला. जनुक तिथे चालू आहे, मेंदूपेक्षाही जास्त. सर म्हणाले, गाभ्याचं लिहू नकोस, कोणाला कळणार आहे? लिहिलं तर सगळं पुन्हा करायचं, म्हणजे आणखी एक वर्ष. मी त्यांना नाही म्हटलं. खोटं मला लिहवणार नाही. तुमची मार्चची अट लक्षात आहे. सामान बांधतेय. फार रडू येतंय, काका.
हर्षाली

लासलगाव, १ मार्च
चि. हर्षालीस आशीर्वाद.
सामान सोड. अर्धी ट्रॉली बघून उठणारा माणूस माझ्या खळ्यावर मला नको. वर्ष लागो नाहीतर दोन; त्याआधी आलीस तर दारातूनच परत पाठवीन. तुझ्या त्या सरांना मी लिलावात उभंसुद्धा करणार नाही.
उंदीर कमी पडले तर कळव.
तुझा काका