ग्रह लपवणारा माणूस

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
अंतराळ दुर्बीण प्रकल्प कार्यालय, दुसरा मजला.

विषय : चाचणी कक्षासाठी ग्रह लपवणारा एक माणूस मिळणेबाबत.
संदर्भ : 'चाचणी क्र. ४१२ महिनाअखेर निकाली काढावी' हे आपले पत्र.

महोदय,

१) दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचे थेट छायाचित्र घेणारी दुर्बीण आपण बनवत आहोत. ताऱ्याचा उजेड झाकल्याशिवाय शेजारचा ग्रह दिसत नाही. आमच्या तळघरात दिवा हा तारा आणि एक मिणमिणता ठिपका हा ग्रह. एकाने पडद्याआड जाऊन तो ठिपका दिव्याच्या उजेडात कुठेतरी लपवायचा, जागा कागदावर लिहून पाकीट सीलबंद करायचे. दुसऱ्याने तो दुर्बिणीने घेतलेल्या चित्रांत शोधायचा आणि मगच पाकीट फोडायचे. माणसाला जे हवे असते तेच दिसते, म्हणून ही पद्धत.

२) सतरा वर्षे लपवण्याचे काम आमचे वरिष्ठ तंत्रज्ञ करीत. त्यांना सगळे मामा म्हणत. या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कधी कधी ते काहीच लपवत नसत, आणि मला दिवसभर शोधायला लावून संध्याकाळी म्हणत, "भाचेबुवा, आभाळ रिकामंपण असतं." गेल्या वर्षी ते वारले. त्यांचे पद आपण रद्द केले.

३) 'एकाच कर्मचाऱ्याने दोन्ही कामे करावीत' ही आपली सूचना मी प्रामाणिकपणे पाळून पाहिली. डोळे मिटून ठिपका लपवला, तर बोटांनी ठिपका सरकवायच्या चाकाचे फेरे मोजले. विसरण्यासाठी आठ दिवसांची रजा काढली. घरी बोलायला कोणी नसल्याने आठही दिवस तेवढेच आठवत बसलो. अखेर दारावरच्या पहारेकऱ्याला गळ घातली. त्याने लपवला छान, पण माझी शोधाशोध त्याला बघवेना. दहाव्या मिनिटाला तो म्हणाला, "साहेब, जरा डावीकडे बघा ना." माणूस भला आहे, पण या कामाचा नाही.

४) आता चाचणी क्र. ४१२. तिचा ठिपका मामांनी रुग्णालयात जाण्याच्या आदल्या दिवशी लपवला. चित्रे घेऊन झाली आहेत, पाकीट कपाटात आहे. शोधायला एक दुपार पुरे. तरी अकरा महिने मी ती चित्रे उघडलेली नाहीत. हा कामचुकारपणा आहे, हे मला मान्य आहे. पण ती चाचणी संपली की माझ्यासाठी कोणी लपवून ठेवलेले असे या तळघरात काहीच उरणार नाही, आणि ते मला सोसवणार नाही.

५) सबब आठवड्यातून अर्धा तास कोणालाही पाठवावे. शिपाई, टंकलेखक, आपण स्वतः आलात तरी चालेल. शिक्षणाची अट नाही. तोंड बंद ठेवता आले म्हणजे झाले. त्या व्यक्तीने ४१३ व्या चाचणीचा ठिपका लपवला की त्याच दिवशी मी ४१२ निकाली काढीन.

आपला नम्र,
उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
प्रकाशयंत्र अभियंता, चाचणी कक्ष, तळघर
दिनांक : ९ मार्च

सोबत :
१) चाचणी क्र. १ ते ४११ चा तक्ता.
२) चाचणी क्र. ४१२ चे सीलबंद पाकीट (आपण मागितले आहे, जोडवत नाही).