मावशीच्या मापाची अंगठी

तीर्थस्वरूप मावशीस (खरं तर तीर्थरूपच लिहायला हवं, तो शब्द आईवडिलांसाठी राखीव असला तरी मला वाढवलंस तूच),

वाकून आणि कान पकडून नमस्कार. कान का, ते पुढे येईलच. गुडघा कसा आहे? जिने चढणं कमी कर, चहातली साखर कमी कर, आणि शेजारच्या काकूंवरचा राग तर ताबडतोब कमी कर. मी मजेत आहे. तुझं मागचं पत्र मिळालं. ‘लग्न करून मोकळा हो, मी इथे एकटी बरी आहे, नव्या संसारात माझी अडगळ नको’ असं त्यात तू तीनदा लिहिलं आहेस. त्यातली पहिली आज्ञा पाळायला घेतली, त्याची ही हकीकत.

अंगठीतला खडा नाशपतीच्या आकाराचाच हवा, यावर मी ठाम होतो. तुला माहीतच आहे, मी लिफ्ट दुरुस्त करतो आणि जिच्यासाठी ही अंगठी, ती दातांच्या कवळ्या बनवते. तिच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली तेव्हा मी दार उघडेपर्यंत ती पाऊण तास आत होती. दुसऱ्या कुणी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. हिने पिशवीतून नाशपती काढली आणि म्हणाली, “अर्धी खाल्ली, अर्धी तुमच्यासाठी ठेवलीय. दमला असाल.” माझा निकाल तिथेच लागला.

सराफाने काळ्या कापडावर नऊ खडे मांडले. सगळे एकीकडे गोल, एकीकडे टोकदार, आणि सगळेच चमकणारे. माझी मती गुंग झाली. मग तू आठवलीस. शिवून झालेला सदरा टेबलावर पसरून दोन्ही खांदे जुळतात का ते तू बघायचीस आणि मलाही बघायला लावायचीस. (मी खेळायला पळायच्या घाईत ‘जुळतात’ म्हणायचो, आणि तू परत बघायला लावायचीस.) मी खड्यांचे खांदे बघू लागलो. एकाचा डावा खांदा पडलेला, दुसरा पोटात सुटलेला, तिसऱ्याचं टोक कललेलं. सातवा मात्र दोन्हीकडून अगदी सारखा. मग मी विचारलं, हे टोक कशावर आपटून तुटलं तर? खिशाच्या कोपऱ्याला दुहेरी टाका घालतात तशी काही सोय आहे का? सराफाने डोळ्यावरचं भिंग काढून माझ्याकडे नीट पाहिलं. “टोकाला सोन्याची वेगळी पकड देतो. पण तुम्ही शिकलात कुणाकडे?” मावशी, मला रडू यायचंच बाकी होतं. मी म्हटलं, “मावशीकडे.” तुझं सराफीचं दुकान आहे असं त्यांना वाटलं. मी ते तसंच राहू दिलं.

इथवर सगळं तुझ्या पुण्याईने झालं. पुढचं माझ्या अकलेने झालं.

तिच्या बोटाचं माप गुपचूप मिळवायचं होतं. गेल्या खेपेला आम्ही आलो तेव्हा तू तिला बटण लावायला बसवलंस आणि सुई टोचू नये म्हणून तू बोटावर घालतेस ती पितळी टोपी तिला दिलीस. तिच्या बोटावर ती चपखल बसली. झालं! मी ती सराफापुढे ठेवली. “हेच माप?” त्यांनी दोनदा विचारलं. “डोळे झाकून करा,” मी म्हणालो. टोपी बोटाच्या शेंड्यावर बसते आणि अंगठी बोटाच्या मुळाशी, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. तू माझे सगळे सदरे वाढत्या अंगाचे शिवलेस, त्यातूनही मी काही शिकलो नाही.

दुपारच्या सुट्टीत तिच्या कामाच्या खोलीत गेलो. फळीवर चाळीसेक कवळ्या माझ्याकडे बघत होत्या. अंगठी पहिल्या सांध्याशी थांबली. मी जरा जोर लावला, तर ती पुढेही जाईना आणि मागेही येईना. (लिफ्टचं असं झालं की मी आधी वीज बंद करतो. इथे काय बंद करणार?) तिने शांतपणे विचारलं, “आधी हो म्हणू, की आधी ही काढून घेऊ?” मी म्हटलं, “आधी हो म्हण, सुटल्यावर तुझा विचार बदलेल.” बोट साबणाच्या पाण्यात बुडवून ती हो म्हणाली. मग कवळीचं माप घेतात त्या गुलाबी लगद्यात बोट खुपसून तिने साचा काढला. साचा आणि अंगठी आता सराफाकडे आहेत.

मावशी, आभार मानले की तू रागावतेस, तरी मानतो. नीट बघायला मला तू शिकवलंस. नऊ खड्यांतला एक निवडला तो तुझ्या नजरेने, आणि अर्धी नाशपती हातात घेऊन उभं राहिलेलं माणूस ओळखलं तेही तुझ्याच नजरेने.

तुझा,
(कान अजून हातात धरलेला)
लिफ्टवाला

ता. क. तुझी टोपी काकूंनी नेलेली नाही, हे आता ध्यानात आलंच असेल. तीन आठवड्यांचा अबोला आजच सोड. त्यांची माफी मी येऊन मागतो.

ता. क. दोन. टोपी टपालाने परत पाठवणार होतो. हिने ती पाकिटातून काढून घेतली. म्हणाली, “मावशींना हवी असेल तर त्यांनी इथे यावं.”

ता. क. तीन. आणि यावं म्हणजे राहायला यावं. हो म्हणाली त्याच संध्याकाळी तिने आमच्या खिडकीखालची जागा मोजली. तुझं मशीन बसतं, खुर्ची बसते, आणि दुखरा गुडघा लांब करायला वीतभर जागा उरते. टोपी खिडकीत ठेवली आहे. माप तिने घेतलंय, मी हातसुद्धा लावलेला नाही. तेव्हा बिनघोर ये.