नववं घर

२२ एप्रिल, सोमवार
तोगुझ कोर्गूल हा गोट्यांचा खेळ खेळणारा माझा प्रोग्राम ९४ टक्के डाव जिंकतो. खात्री मीच केली. या विभागात ती दुसऱ्या कोणाला करता येईल असं वाटत नाही. समोर माझाच जुना प्रोग्राम होता, म्हणजे प्रतिस्पर्धीही तोलामोलाचा.
१६ मेला पूर्वपरीक्षा. पास झालो तर जूनमध्ये एम.एस.चा प्रबंध मांडायचा. नाही तर वर्ष वाया आणि वसतिगृहाची खोली खाली करायची. दुसऱ्या शक्यतेत वेळ घालवत नाही.
संकल्प : रोज एक शोधनिबंध. रोज अर्धा तास कोमुझवादन.

२४ एप्रिल
शोधनिबंध वाचला नाही. शीर्षकावरूनच लेखकाची कुवत कळली.
कोमुझ वाजवलं. खोलीतला कुबात म्हणाला, तीनच तारा आहेत, त्यातली एक तरी सुरात लाव. कुबात डेटाबेस शिकतो. त्याला संगीत कुठून कळणार.

२६ एप्रिल
मामिरोव आगाय, म्हणजे माझे मार्गदर्शक, म्हणाले, "तिलेक, खेळाचे नियम कुठून घेतलेस? संदर्भ दिसत नाही." मी म्हटलं, आगाय, तोगुझ कोर्गूल मी आजोबांच्या मांडीवर बसून शिकलो. संदर्भ परदेशी लोकांनी द्यावेत. आमच्या नारीनच्या खोऱ्यात आजोबा चाळीस वर्षं हरले नाहीत.
"तरी नियमांच्या पुस्तकाचं नाव टाक," म्हणाले. टाकलं. पुस्तक उघडायचं कारण नव्हतं.

३० एप्रिल
प्रोग्रामचे डाव तपासले. दोन्ही खेळाडूंची नऊ-नऊ घरं. शेवटची गोटी समोरच्याच्या घरात पडून तिथे तीन झाल्या की ते घर कायमचं आपलं. पुढे त्यात पडेल ती गोटी आपली. माझा प्रोग्राम दर वेळी नेमकं नववं घर बळकावतो. हा खास आजोबांचा डाव. मी शिकवला नव्हता, यंत्राला आपणहून सुचला. अंगावर काटा आला. कुबातला दाखवलं. त्याने जांभई दिली.

५ मे, रविवार
आला-आर्चाला चढाई. धबधब्याच्या अर्ध्या वाटेवरून परतलो. वरून तेच डोंगर दिसले असते.

६ मे
वसतिगृहाच्या फाटकावर बुरुलचा नावाची म्हातारी बसते, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहिते; मानाने सगळे तिला एजे म्हणतात. आज अडवून म्हणाली, "बाळा, तू म्हणे यंत्राला कोर्गूल शिकवलंस. एक डाव दाखव की." मी म्हटलं, एजे, हे विज्ञान आहे. ती म्हणाली, "बरं, विज्ञान संपलं की ये."
कुबात सांगतो, एजे अकरा वर्षं जिल्ह्याच्या स्पर्धांत पंच होती. असेल. गोट्या मोजायला माणसं लागतातच.

११ मे
कोमुझची तार तुटली. संकल्प पूर्ण झाला असं समजायला हरकत नाही.

१६ मे, गुरुवार, संध्याकाळ
नीट लिहितो, म्हणजे दोष कोणाचा ते स्पष्ट होईल.
समितीत पाच जण. मामिरोव आगायनी आयत्या वेळी सुचवलं की यंत्रासमोर खरा माणूस बसवू. आणि फाटकावरून एजेला बोलावलं. विद्यापीठाची ही पातळी.
बाराव्या चालीला प्रोग्रामने नववं घर घेतलं. एजेने चष्मा पुसला. "हे चालत नाही."
मी म्हटलं, चालतं.
"नववं घर कोणालाच घेता येत नाही, बाळा. शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे."
आगायनी नियमांचं पुस्तक उघडलं. मी संदर्भ दिला होता तेच. पान चार. अध्यक्षबाई म्हणाल्या, नववं घर बंद करून शंभर डाव चालवा. चालवले. अकरा जिंकले. मागे कोणीतरी खोकलं, कुबात असावा.
मी ठामपणे सांगितलं की आमच्या खोऱ्याचे नियम वेगळे आहेत. "मग पुरावा आणा," बाई म्हणाल्या. आणतो.

१७ मे
पुराव्यासाठी वडिलांना फोन केला. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपल्याकडेही नववं घर कोणी घेत नाही रे. फक्त तुझे आजोबा घ्यायचे. एवढ्या पांढऱ्या दाढीच्या माणसाला कोण टोकणार? लोक मान खाली घालून हरायचे आणि चहा पिऊन घरी जायचे."
मला का नाही सांगितलं, विचारलं.
"कधी सांगणार? तू सारखा त्यांच्या मांडीवर."
पुराव्याचा नाद सोडला. मौखिक परंपरेची समितीला कदर नाही.

२० मे, सोमवार
जूनमध्ये प्रबंध नाही. समितीच्या सचिवबाईंनी कागद हातात देऊन खात्री पटवली. सप्टेंबरमध्ये पुन्हा एकदा संधी, तोवर खोली राहील. मात्र प्रबंधावर खेळाच्या जाणकाराची सही हवी. जाणकाराचं नावही त्यांनीच भरलंय.
एजेकडे गेलो. समजावलं की कोडमधली एक ओळ बदलली की झालं, तिने फक्त सही करायची. ती म्हणाली, "यंत्राचं नंतर बघू. आधी तुझं."
उद्या चार वाजता फाटकाच्या खोलीत पहिला धडा. आठवीतल्या दोन मुलीही येणार आहेत, त्यांची जिल्हा स्पर्धा जवळ आलीय. एजे म्हणाली, त्या बऱ्याच पुढे गेल्यात, पण तुला सांभाळून घेतील.