नळातल्या मुंग्या

सोमवार, ४ तारीख

आले एकदाची लेकाच्या नव्या घरी! दारातच नातीने, म्हणजे आमच्या चिमणीने, ही वही हातात ठेवली. म्हणाली, आजी, रोज लिहायचं, चुकलं तर मी लाल पेनने खुणा करीन. माझी शाळा चौथीत सुटली, आता दुसरीतली मास्तरीण मिळाली. लिहिते बापडी.

नवं म्हणजे आम्हाला नवं, घर तसं जुनंच. पण झकास आहे. न्हाणीघर ऐसपैस, भिंतींवरून जाडजूड लोखंडी नळ फिरवलेले. आधीचा मालक हौशी असावा. मीटरच्या कपाटात वेगळाच एक स्विच बसवून गेलाय. कुठे वीज गळाली की तो आपोआप पडतो आणि घरभर अंधार होतो म्हणे. लेक हसला. तो वीजवाला, त्याचा बाप वीजवाला. आमचे हे तर टेस्टरही जवळ ठेवत नसत. तारेला बोटांची उलटी बाजू लावायचे. सुलटा हात लावला की मूठ वळते आणि तार सोडता येत नाही, उलटा लावला की हात झटक्यासरशी लांब जातो. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला हे शिकवलं. बाकीच्यांचे नवरे बायकोला फिरायला नेत होते तेव्हा.

लेकाने जुन्या घरातलाच गिझर इथे लावला. अर्थिंगही थेट बापासारखं. गिझरची एक तार नळाला गुंडाळायची, नळ रस्त्याखाली जमिनीत जातो, गळालेली वीज त्यातून मुकाट जमिनीत जाते. मी खाली उभी राहून पक्कड देत होते. ऊर भरून आला हो. यांचेच हात.

गुरुवार, ७ तारीख

घरासमोर रस्ता खणलाय. मी ओट्यावर बसून खणणाऱ्यांशी गप्पा मारल्या. मुकादम म्हणाला, आजी, लोखंडाचे नळ काढले, आता सगळं प्लास्टिक, गंजाचं नावच नको. मी म्हटलं, मग माझ्या गुडघ्यांतही तेच घाला. हसून हसून त्याच्या हातातलं फावडं पडलं.

सूनबाई दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर असते. फार हुशार आणि तेवढीच आग्रही. वीजवाल्यांना नव्या नियमांच्या वर्गाला जावं लागतं, नाहीतर लायसन्स पुढे चालत नाही. लेक तिथे सही ठोकतो आणि चहाला सटकतो. नियमांचं पुस्तक कपाटाच्या आखूड पायाखाली आहे. सून म्हणाली, निदान चाळा तरी, गिऱ्हाइकं हल्ली नव्या पोरांना बोलावतात ती उगाच नाही. लेक म्हणाला, नियम करणारे कधी शिडी चढलेत का? मी म्हटलं, अगदी बरोबर, यांनी कोणतं पुस्तक वाचलं होतं? सुनेने भांडी जरा जोरात लावली.

रविवार, १० तारीख

गंमतच आहे. कालपासून गिझर वापरायला लागलो, तर तो चालू असताना न्हाणीघरात नळाला हात लावला की घरभर दिवे जातात. मी म्हटलं, घर लाजरं दिसतंय, बाईमाणूस आंघोळीला गेलं की डोळे मिटतं. चिमणी हसून लोळली. पण डोक्याला साबण असताना अंधारात बसायचं म्हणजे वैतागच. लेकाला म्हटलं, तुझ्या बापाच्या घरी असे नखरे नव्हते, बघ बाबा काहीतरी.

सोमवार, ११ तारीख

लेकाने तो नखरेल स्विच काढूनच टाकला, तारा थेट जोडल्या. सून चिडली. काढण्याआधी कशामुळे पडतोय ते तरी बघायचं, म्हणाली. मी म्हटलं, अगं, त्याचा धंदाच आहे हा. आज निवांत आंघोळ झाली, दिवे लख्ख.

नळाला हात लावला की बारीक मुंग्या येतात तेवढं. वय झालं, दुसरं काय.

गुरुवार, १४ तारीख

चिमणीलाही मुंग्या येतात. नळ गुदगुल्या करतो म्हणाली. हसत होती. मी हसले नाही.

लेकाला सांगितलं. त्याने नळ घट्ट धरून दाखवला. काही नाही, म्हणाला. त्याच्या पायात जाड रबरी चपला होत्या, घरातही असतात. वीजवाल्याने अनवाणी फिरू नये, हीसुद्धा यांचीच शिकवण. चपला काढून धर, म्हटलं. तो म्हणाला, तू आता मला शिकवणार?

शनिवार, १६ तारीख

मागच्या दारी एक बोका येतो, आम्ही त्याला भाऊसाहेब म्हणतो. तिथल्या नळाचं थेंब थेंब पाणी चाटतो. आज सकाळी ओल्या फरशीवर आडवा पडला होता. जीभ नळाला. पाय काठीसारखे ताठ.

त्या वेळी गिझर चालू होता.

लेक म्हणाला, विष खाल्लं असेल कुठेतरी.

सूनबाईने कपाटाखालून पुस्तक ओढलं आणि जमिनीवर बसून वाचलं. नळाला अर्थिंग बांधू नये. बाहेरचे नळ प्लास्टिकचे होतात, मग गळालेली वीज जमिनीत जात नाही, घरातल्या नळांतच राहते. मला मुकादम आठवला. फावडं आठवलं. तेव्हा मी हसत होते.

लेकाला दोघींनी सांगितलं. तो सुनेकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

"बाबांना अक्कल नव्हती म्हणायची का तुला?"

आयुष्यभर मीच तर याला बापाच्या गोष्टी सांगितल्या.

सोमवार, १८ तारीख

लेक तो स्विच परत लावायला तयार नाही. सूनबाईने दुसरा वीजवाला बोलावला, लेकाने त्याला दारातूनच घालवला. मग आमचं आम्हीच ठरवलं. गिझर बंद केला की लेक परत लावतो, म्हणून कोणी न्हाणीघरात गेलं की मी मेन स्विचच बंद करते. मीटरच्या कपाटाजवळ पाट टाकून बसते. मघाशी भिंतीला हात टेकला, ओल आलीय. भिंतीतही मुंग्या —

मंगळवार, १९ तारीख

आज मेन बंद करताना लेकाने पाहिलं. ओरडला नाही. कपाटाला कुलूप घातलं, किल्ली खिशात. आई, लोक काय म्हणतील, म्हणाला, वीजवाल्याच्या घरात वीज बंद करून बसतात.

चिमणीला सांगितलंय, नळाला शिवायचं नाही. लहान आहे. विसरते. सारखी तिच्या मागे —

बुधवार, २० तारीख

सून कामावर. पहाटेच गेली. लेक आज मुद्दाम घरी.

चिमणीला म्हणाला, चल, आंघोळ कर, माझ्यासमोर, गरम पाण्याने. आजीचं भूत उतरवू एकदाचं. गिझर लावला. ती माझ्याकडे बघत राहिली. मी त्याचे पाय धरले. माझे हात सोडवले त्याने, हळूच, मऊपणाने —

मी म्हटलं, आधी मी करते आंघोळ. आत आले. दार नुसतं लोटलं, कडी लावली नाही. वही पदराखाली होती.

त्याला सांगून कळत नाही. दिसलं तर कळेल.

गिझरचा दिवा लाल आहे. पाय ओले केले. उलटा हात लावणार आहे, म्हणजे लांब फेकला जाईल. हे म्हणायचे तसं. लिहिते, म्हणजे त्याला वाचता येईल. सूनबाई, तुझं बरोबर होतं ग.

बाहेरून चिमणी म्हणते, आजी लवकर कर ना.

डावा हात. उलटा. मुंग्या. कोपरापर्यंत —

हात लांब गेला नाही. फरशी निसरडी, तोल गेला, धरायला नळच — सुलटा — बोटं वळ

चिमणे आत येऊ नको त्याला सांग चपला घालून