डावीकडचा बाक

हॅचेट बेंड, अलाबामा
मंगळवार, १४ मे २०१९

प्रिय अर्नेटा,

तुझी तब्येत बरी असेल आणि ऑक्सिजनच्या नळीचा त्रास कमी झाला असेल, अशी आशा आहे. आज पहाटे पाचला निघाले, आठला राजधानीत पोचले. पॅरोल मंडळापुढे अकराला नंबर लागला. तीनच्या आत घरी परतले. वाटेत पेट्रोल भरलं. पीच अजून कच्चे आहेत.

बावीस वर्षांत तुला हे पहिलंच पत्र. माझे होझिया फेब्रुवारीत गेले. चर्चमधून तुला कळलंच असेल. शेवटचे नऊ दिवस मी त्यांच्या उशाशी होते. आपली आई करायची तसं, बर्फ रुमालात गुंडाळून ओठ ओले करत.

तुझ्या डॅरियलच्या हातून माझा क्लिऑन गेला, त्यानंतर त्याच्या मुदतीआधी सुटकेच्या सुनावणीला दोनदा आपण त्या मंडळापुढे बसलो. तिथे कैद्याला आणत नाहीत. त्याची फाइल येते आणि माणसं येतात. तू डावीकडे, कैद्याच्या बाकावर. आम्ही उजवीकडे, गेलेल्याच्या घरचे. होझिया फोटो दाखवून बोलायचे, मी मान खाली घालून बसायचे. दोन्ही वेळा डॅरियलला नकार मिळाला.

आजही दारातल्या बाईंनी मला ओळखलं. "या, तुमची जागा राखून ठेवलीय," म्हणाल्या आणि विरोध करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव त्यांनीच लिहून टाकलं. मी उजव्या बाकावर जाऊन बसले. सवयच तशी.

डावा बाक रिकामा होता. तू नर्सिंग होममध्ये. दुसरं येणार कोण?

अध्यक्षबाई फाइल वाचू लागल्या. एवढ्या वर्षांत दोनच तक्रारी, दोन्ही पहिल्या वर्षातल्या. मग तुरुंगाच्या डॉक्टरांचं पत्र वाचलं. शेवटच्या घटका मोजणाऱ्या कैद्यांजवळ हा जाऊन बसतो. आतापर्यंत अकरा जण. बर्फ रुमालात गुंडाळून त्यांचे ओठ ओले करतो. कोणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणतो, आजीनं.

अर्नेटा, हे वळण कुठल्या घरचं, ते त्या खोलीत मला एकटीला ठाऊक होतं. उभं राहून सांगावंसं वाटलं, आमचा आहे हा.

"याच्या बाजूनं कोणी आलंय का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

मी पर्स घेतली, मधली वाट ओलांडली आणि डाव्या बाकावर जाऊन बसले.

दारातल्या बाई मागोमाग धावत आल्या. "अहो, इकडे नाही! तुमची बाजू ती."

"असू दे."

"पण यादीत तुमचं नाव..."

"यादी तुम्ही लिहिलीत, बाई."

मंडळावर एक निवृत्त शेरीफ आहेत. ते पुढे वाकले. "गेलेला मुलगा तुमचाच ना?"

"हो. क्लिऑन. एकुलता एक."

"मग बोला."

जे बोलले, ते आधी तुला सांगायला हवं होतं. खटल्यात सगळे म्हणाले, डॅरियल पिस्तूल घेऊनच आला, ठरवून आला. तो रडून सांगत होता की पिस्तूल क्लिऑननं काढलं आणि झटापटीत ते सुटलं. कोणी मानलं नाही. ते पिस्तूल आपल्या बाबांचं. जाण्याआधी त्यांनी मला गुपचूप दिलं होतं. माझ्या शिवणाच्या पेटीत, तुकड्यांखाली असायचं. होझियांनाही माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी मी पेटी उघडली, तर जागा रिकामी होती. आणि शेरीफचा पोलीस चौकशीला आला तेव्हा मी म्हणाले, आमच्या घरात पिस्तूल नाही.

माझ्या मुलाला कोणी गुंड म्हणू नये, एवढंच मनात होतं. तो गुंड नव्हता. एकोणीस वर्षांचा होता आणि चिडला होता. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. पण त्या अभिमानापायी तुझा मुलगा आत राहिला.

"हे इतकी वर्षं का नाही सांगितलंत?" शेरीफ म्हणाले.

"कोणी विचारलं नाही, असं म्हणणार होते. पण साहेब, विचारलं होतं."

अध्यक्षबाई फाइल चाळत म्हणाल्या, "सुटला तर राहणार कुठे? इथला पत्ता तर त्याच्या आईच्या विकलेल्या घराचा दिसतोय." मी माझा पत्ता सांगितला. त्यांनी पुन्हा विचारला. मी पुन्हा सांगितला, जरा मोठ्यानं.

तिघांनी तिथेच मतं दिली. अध्यक्षबाई, हो. मधले गृहस्थ, नाही. शेरीफनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हो."

दारातल्या बाईंनी टिशूचा डबा पुढे केला. मी घेतला नाही. आई चर्चमधून निघायची तशी ताठ मानेनं बाहेर आले.

माफ कर, असं मी लिहीत नाही. डॅरियल सुटला की त्याला पहिल्यांदा तुझ्याकडे आणीन. मी बाहेर गाडीत थांबेन. तू बोलावलंस तरच आत येईन.

गुरुवारी अधिकारी घर बघायला येणार आहेत. क्लिऑनची खोली उघडली आहे. त्याचा फोटो भिंतीवरच राहील. डॅरियलला ते चालेल, असं वाटतं.

तुझी थोरली बहीण, अजूनही,
व्हर्लीन

ता. क. चादरी दोरीवर वाळल्या आहेत. पाकीट बंद करते, त्या काढून आणते आणि त्याचा पलंग घालते. कोपरे आईसारखे दुमडून.