तीन मिस्ड कॉल

तीर्थस्वरूप सौ. वहिनींना धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? इकडे लेक आणि तिची चिमुरडी दोघी खुशाल. (चिमुरडीचं नाक आपल्या घराण्यावर गेलंय, त्याला इलाज नाही.) काल जावईबापूंच्या फोनवर तुम्ही दादाला जे सुनावलंत, ते स्पीकर बंद असूनही आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तुम्ही बहिणीकडे गेलेल्या असताना, लोकांचे कोट अर्धवट टाकून, दुकानाला कुलूप ठोकून दादा विमानात बसलाच कसा, हा तुमचा सवाल रास्त आहे. खुलासा मीच करू शकतो. फोनवर केला असता, पण दादा सारखा शेजारी असतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

परदेशात मोबाईलचं बिल कसं फुगू द्यायचं नाही, या विषयात माझा हात धरणारा कोणी नाही. उभी नोकरी लोकांच्या विजेच्या मीटरचे आकडे टिपण्यात गेली. स्वतःच्या खिशातला मीटर मी पळू देईन होय? विमानात बसण्यापूर्वीच डेटा रोमिंग बंद केलं, आणि ते बंदच आहे ना हे बघायला सारखा सेटिंग उघडत राहिलो. (शेजारच्या प्रवाशाचंही बंद करून दिलं. त्याने सांगितलं नव्हतं.) उतरल्यावरही फोन विमान मोडवरच ठेवला. हिचा फोन तर मोज्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी घातला, कारण हिच्या बोटांचा भरवसा नाही. घरी जावईबापूंचं वायफाय, तिथे सगळं फुकट. प्रश्न होता फक्त दादाचा. त्याच्याकडे तो बटणांचा फोन, त्याला कसलं आलंय वायफाय!

म्हणून निघण्यापूर्वी दुकानात इस्त्रीच्या टेबलाशी बसून आम्ही मिस्ड कॉलची भाषा ठरवली. एक मिस्ड कॉल म्हणजे लेकीला हॉस्पिटलात नेलं. दोन म्हणजे बाळ झालं, दोघं सुखरूप. तीन म्हणजे काहीतरी बिनसलंय, असशील तसा निघ. (तिसरा हा दादाचा हट्ट. व्हिसा त्याने काढून ठेवलाच होता. स्वस्त तिकीट मिळालं की सावकाश बाळ बघायला येणार होता.)

आता झालं असं, की लेकीला नेलं तेव्हा मी एक दिला, बाळ झाल्यावर दोन दिले आणि फोन पुन्हा विमान मोडवर टाकला. अगदी ठरल्याप्रमाणे. पण दादा गुंतलेला गिऱ्हाइकाची मापं घेण्यात, फोन कापडाच्या ताग्याखाली. संध्याकाळी बघतो तर एकूण तीन! त्याने उलट फोन लावला, माझा बंद. पुन्हा लावला, बंद. मग एक बटण घ्यायलाही चार दुकानं फिरणारा हा गृहस्थ मिळेल त्या किमतीला तिकीट काढून निघाला. इथे दारात उभा राहिला तेव्हा गळ्यात मापाची टेप तशीच होती आणि पायात दुकानातल्या चपला. मला बघून एकच म्हणाला, "पोरगी बरी आहे ना रे?" मी त्याला आत नेलं. मायलेकींना बघून तो मटकन खाली बसला आणि रडला.

तेव्हा चूक कोणाची, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. माझी पद्धत चोख होती, बेरीज दादाची चुकली. रोमिंगचा एक पैसाही मला पडलेला नाही, हे जाता जाता नमूद करतो.

तुमचा आज्ञाधारक,
भावोजी

ता. क. दादाला महिनाभर इथेच राहू द्या. रोज बाळाला मांडीवर घेऊन टेपने मोजतो आणि रोज वाढलीय म्हणतो. गिऱ्हाइकांना सांगा, मास्तर आजारी आहेत.

आणखी एक ता. क. दादाला यापुढे बोलू नका. आपलीच मोजणी चुकली म्हणून तो खजील झालाय, आणि मीही त्याला तसं समजू दिलंय. पण ते कॉल एक आणि दोन असे नव्हतेच. पहिला तर गडबडीत द्यायचाच राहिला. दुपारी डॉक्टरीणबाई धावत आत गेल्या, जावईबापूंची कसल्याशा कागदावर सही घेतली आणि दार लावून घेतलं. ही भिंतीला टेकून उभी. मी फोन विमान मोडवरून काढला. वहिनी, मी तिन्ही कॉल एका दमात दिले. बाळ त्यानंतर रडलं. तेव्हा फोन करून दादाला थांबवता आलं असतं, आणि खर्चाचा विचार तर मनातही आला नाही. पण त्याने विचारलं असतं तर मला खरं सांगावं लागलं असतं, आणि तो निघालाच नसता. म्हणून फोन बंद ठेवला. मला तो इथे हवा होता.